हसूदादाच्या ॲम्पमधला हम

आगरदांड्याच्या जेटीवर फेरीबोटीच्या रांगेत गाडी लावून मी चहा पीत होतो, तेव्हा वहिनींचा फोन आला. पलीकडे दिघी बंदरात एका पार्टीचे मालाने भरलेले दोन ट्रेलर अडकले होते, ते सोडवायला निघालो होतो. "भावजी, कुठं हाव तुमी?" त्यांनी विचारलं. मी जागा सांगितली, तशा म्हणाल्या, "मग सावकाश या. घाई करू नका. हे गेले." सकाळचा चहा घेऊन हसूदादा ओटीवरच्या खुर्चीत बसला, तो बसलेलाच राहिला. ना दवाखाना, ना नळ्या, ना कुणाची धावपळ. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता, बोटीवरचा माणूस "घ्या पुढं, घ्या पुढं" म्हणून हात हलवत होता. गाडी रांगेतून बाहेर काढता काढता माझ्या मनात जे आलं ते आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं काही लिहिण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता रविवारी तो मला विचारणार नाही… दोन वर्षं दर रविवारी मी त्या माणसाशी खोटं बोलत होतो, आणि ते आता बोलावं लागणार नव्हतं. मुरूड मागे पडेपर्यंत या विचाराची इतकी लाज वाटायला लागली की गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबावं लागलं.

हसुराम, म्हणजे आमचा हसूदादा, माझ्या नात्यातला नव्हे. उरणकडे खाडीकाठी आमचं गाव, आणि त्याच्या घराची भिंत आमच्या भिंतीला लागून. मिठागराची जमीन बंदरात गेल्यावर त्याला न्हावा शेव्याला क्रेनवर नोकरी लागली, पण आजूबाजूच्या गावांत त्याला ओळखायचे ते गिटारवाला म्हणून. गावच्या ऑर्केस्ट्रात तो लीड गिटार वाजवायचा आणि मी कीबोर्ड. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, उंचीला वीतभर कमी, आणि रागाला माझ्या दुप्पट. गिटार त्याची साधीच होती. त्याचा जीव होता तो ॲम्पवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या त्या काळ्या पेटीवर. मुंबईत हॉटेलात वाजवणाऱ्या कुणाकडून त्याने ती जुनीच विकत घेतली होती. व्हॉल्व्हची नव्हे, ट्रान्झिस्टरवर चालणारी. जाणकार मंडळी नाक मुरडायची, व्हॉल्व्हचा गोडवा या पेटीला कुठला, म्हणायची. हसूदादाचं उत्तर तयार असायचं. "व्हॉल्व्ह म्हंजे काचेचं सामान. आपल्या रस्त्यानं टेम्पोत टाकला का पहिल्या खड्ड्यात गोडवा खाली."

या पेटीच्या बाबतीत तो इतका कडक कसा झाला, त्याला एक हळद कारणीभूत आहे. आमच्याकडे लग्नात धवलारीण आल्याशिवाय पान हलत नाही. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, ती म्हणणार, आणि ती गात असताना बँड असो की बेंजो, सगळ्यांनी गप्प बसायचं. त्या दिवशी आम्ही गप्पच होतो, पण पेटी चालू होती आणि तिच्यातून बारीक घुमणारा आवाज येत होता. आम्ही वाजवणारे त्याला हम म्हणतो. म्हातारी धवलारीण दोन ओळी गाऊन थांबली. भरल्या मांडवात म्हणाली, "हसू, ती पेटी मंगापासून गुनगुनते. तिला गप कर, न्हायतं तीच गाऊ दे." मांडव हसला. नवरदेव हसला, मीही हसलो. हसूदादा मात्र कानापर्यंत लाल झाला, आणि त्या दिवसापासून हम हा त्याचा वैरी झाला.

दुसरा प्रसंग माझ्या मूर्खपणाचा. एका मांडवात मंडपवाल्याचा बोर्ड दोन भोकांचा निघाला आणि आमच्या पेटीची पिन तीन पायांची. कार्यक्रम सुरू व्हायला पाच मिनिटं होती. मी पक्कड घेतली आणि अर्थिंगचा तिसरा पाय कापून टाकला. मिठागराच्या गावात जन्माला येऊन मी हे केलं! आमच्या घराघरांत अर्थिंगच्या खड्ड्यात पोतंभर मीठ जातं, आणि हसूदादा तर अभिमानाने सांगायचा की आपल्या बांधावर नुसती सळई ठोकली तरी जगातलं सगळ्यात चांगलं अर्थिंग मिळतं. पहिल्याच गाण्याला तो माईकजवळ गेला, हातात गिटार, ओठ माईकला, आणि असा झटका बसला की बिचारा दोन पावलं मागे उडाला. गाणं त्याने पुरं केलं. उतरल्यावर मला एवढंच म्हणाला, "या पेटीला आजपासून तुझा हात लागला तर बघ." त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी ती पेटी उचलली, टेम्पोत चढवली, उतरवली, पण तिच्या पोटात कधी हात घातला नाही.

ते काम त्याचं, आणि दर रविवारी सकाळी ठरलेलं. खारी हवा आमच्याकडे लोखंडाची नुसती वाट लावते. मागची फळी उघडायची, ब्रशने धूळ झाडायची, वायर खुपसायच्या जागी चढलेला हिरवा गंज स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचा, प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा फिरवायचं म्हणजे खरखर जाते. बंदरावर उघडलेल्या मालाच्या खोक्यांतून ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या फेकून देतात, त्या तो खिशातून आणायचा आणि पेटीच्या कोपऱ्यांत ठेवायचा. वहिनींनी जुन्या चादरीची खोळ शिवून दिली होती. सगळ्यात शेवटी पेटी चालू करून, पोट उघडं ठेवून, तो बांबूच्या कामटीने आतला एकेक पार्ट ठोकत जायचा. जिथे ठोकल्यावर आवाज बदलला तिथला टाका सैल. वीज चालू असताना हे करायचं म्हणजे हात देवळातल्या दिव्यासारखा स्थिर हवा. त्याचा होता.

मग निवृत्तीच्या आसपास कान गेले. क्रेनचा आवाज आणि आमचा आवाज, दोघांनी मिळून खाल्ले. कानाला यंत्र लागलं, तरी त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागे, आणि ते यंत्रही असं की माणसाचं बोलणं आत सोडतं आणि सतत चालणारा एकसुरी आवाज गाळून टाकतं. त्यात उजवा हात थरथरायला लागला. कप बशीत वाजायचा. दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी मी गेलो तेव्हा त्याने पेटी चालू केली होती, फळीचे स्क्रू काढून वाटीत ठेवले होते आणि हातात कामटी होती. कामटीचं टोक हवेत नाचत होतं. आत दोनशे तीस व्होल्ट. आणि पेटी चांगली घुमत होती… मला दारातूनच ऐकू आलं.

"हम हाय का रं?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "नाही."

"नक्की?"

"नाही रे दादा, एकदम साफ आहे," मी ओरडलो. त्याने कामटी खाली ठेवली आणि स्क्रू परत लावायला घेतले. तेही मीच लावले, बाहेरूनच.

एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जीभ अडखळत नाही. पुढे दर रविवारी तो पेटी लावायचा, मला तेच विचारायचा, मी तेच उत्तर द्यायचो, फळी बंदच राहायची. मी दुरुस्त करून देतो असं म्हणायची सोय नव्हती, कारण मग हम आहे हे आलंच, आणि माझा हात तर तिला वर्ज्य. घरी येताना मला स्वतःचा राग यायचा. ज्या माणसाने आयुष्यभर एका आवाजाशी झगडा केला, त्याला तो आवाज घरात नांदतोय हेच मी कळू देत नव्हतो. गेल्या वर्षी तर कहर झाला. त्याच्या पुतणीची हळद होती, आणि माझ्या शब्दावर विसंबून तो पेटी घेऊन मांडवात बसला. बोटं चालत नव्हती, नुसतं ताल धरून तारा छेडत होता, पण चेहरा बघण्यासारखा होता. धवलारीण उभी राहिली. आता ही थांबणार आणि भर मांडवात या म्हाताऱ्याचं हसं होणार, आणि ते माझ्यामुळे. तिचं गाणं सुरळीत पार पडलं. मांडवाच्या गोंधळात दबला असेल हम, असं म्हणून मी घाम पुसला. पण ती भीती मनातून गेली नाही. हसूदादा गेल्यावर तिची जागा दुसऱ्या गोष्टीने घेतली. मी त्याला फसवलं, आणि तो फसलेलाच गेला.

दिवस-कार्य उरकून तीन-चार आठवडे झाले असतील. वहिनींनी निरोप पाठवला की पेटीला बुरशी येतेय, येऊन बघा. मी गेलो. ओटीवर खुर्ची होती, खोळ काढलेली पेटी होती, आणि वहिनी तांदूळ निवडत होत्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "वहिनी, एक सांगायचंय. मी दादाला दोन वर्षं फसवत होतो." आणि सगळं सांगितलं, स्क्रूच्या वाटीपासून हळदीपर्यंत. सांगताना मी खाली बघत होतो. वर बघितलं तर त्या हसत होत्या.

"भावजी, त्यांना म्हाईत होतं."

"काय माहीत होतं?"

"हम. तुमी गेलाव का ते पेटीच्या जालीवर हात ठेवून बसाचे. कानाला न्हाय येत, हाताला येतो ना. मना बोल्ले, सुधीर लबाड हाय, पन बोलू दे त्याला. तो 'हम हाय' बोल्ला तर मना पेटी उघडायला लागंल. आनि माझा हात आता त्या कामाचा न्हाय. ते काय मी त्याला सांगू?"

मी विचारलं, "मग हळदीला?"

"हलदीला काय? धवलारीन उठली तसा त्यांनी पायानं स्विच बंद केला. मी बाजूलाच होते."

मी हसायला लागलो. किती वेळ हसत होतो आणि त्यात रडायला कधी लागलो, सांगता येणार नाही. वहिनींनी पाणी आणून दिलं. दोन वर्षं मला वाटत होतं की तो मला हम आहे का ते विचारतोय. त्याला ते माझ्याहून आधी कळलेलं होतं. त्याला माझ्या तोंडून 'नाही' हवं होतं, म्हणजे थरथरणारा हात मांडीवर ठेवून त्याला खुशाल बसता यायचं, आणि ते मी त्याला दर रविवारी देत होतो. जेटीवर जे ओझं उतरल्यासारखं वाटून लाज वाटली होती, ते खरं उतरलं ते त्या ओटीवर.

"आता उघडा ती," वहिनी म्हणाल्या.

"वर्षभर घरात वाजवायचं नाही ना?"

"वाजवाचं न्हाय. दुरुस्त कराचं न्हाय असं कोन बोल्लं?"

पुढच्या रविवारी उरणच्या बाजारातून दोन मोठे कपॅसिटर, म्हणजे जे जुने झाले की हम सुरू होतो ते पार्ट, घेऊन गेलो. पिन काढून ठेवली, फळी उघडली. पहिल्यांदा आत हात घालताना, मागून कुणीतरी ओरडेल अशी धाकधूक होतीच. आत दोन वर्षांची धूळ साचलेली होती, बोटाने रेघ उठेल इतकी, आणि ती बघून मला बरं वाटलं. त्या दिवसानंतर त्याने खरंच आत हात घातला नव्हता. कपॅसिटर टोपीला फुगले होते, पायांना हिरवट गंज. वहिनींनी टॉर्च धरला. माझे टाके त्याच्याइतके सुबक नाहीत, पण बसले. दुरुस्तीनंतर तो करायचा तसा मधे साधा बल्ब जोडून वीज दिली. शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो. तो क्षणभर लागला आणि मंदावला. मग बल्ब काढून सरळ वीज दिली, गिटार न जोडता आवाजाचं बटण हळूहळू पूर्ण फिरवलं आणि जाळीवर तळहात ठेवला. काही नाही. वहिनींनी टॉर्च बाजूला ठेवून आपला हात टेकवला. त्यांनाही काही नाही.

मी खुर्चीकडे वळलो आणि सवयीने, घसा ताणून ओरडलो, "नाही रे दादा, एकदम साफ आहे!"

"हलू," वहिनी म्हणाल्या. "आता एवढ्यानं ओरडायची गरज न्हाय."