सासऱ्यांचा बाक आणि माझी चिंच

सासऱ्यांचा संगमरवरी बाक मी चिंच लावून घासला. तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून वर लिंबूही पिळलं.

गंगाखेडला त्यांच्या अंगणात, कडुलिंबाखाली हा बाक होता. पोलीस ॲक्शननंतर निजामाचे एक अंमलदार बंगला सोडून हैदराबादेला गेले, तेव्हा तिथला हा बाक सासऱ्यांनी बैलगाडीत कडबा अंथरून घरी आणला होता. सासरे वकील. घरात लोड-तक्के असूनही पक्षकारांशी बोलायचे ते ह्याच बाकावर बसून. त्याची निगा दुसऱ्या कुणी राखलेली त्यांना चालत नसे. रोज सकाळी आधी ओल्या फडक्याने पुसायचा, मग कोरड्याने. निंबोळी पडली की डाग धरायच्या आत उचलायची. चहाची कपबशी हातातच धरायची, आणि पानदान तर खाली जमिनीवर. सासूबाई बाकाला ‘माझी सवत’ म्हणायच्या.

मी तेव्हा येलदरीला धरणाच्या कामावर कारकून होतो. पत्र्याची एक खोली मिळाली होती आणि माहेरी असलेल्या बायकोला तिथे न्यायचं होतं, पण सासरे काही हो म्हणत नव्हते. तशात अधिक श्रावण लागला आणि धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. म्हटलं, ह्या महिन्यात जावयाला देवाचा मान, आत्ताच काम साधून घ्यावं.

पोचलो तर सासरे खटल्यासाठी परभणीला गेलेले आणि पावसाने बाकावर हिरवं शेवाळ धरलेलं. बाक लखलखीत करून ठेवला तर म्हातारा खूश होऊन मुलगी पाठवील, असा मी हिशेब केला. सासूबाईंची पितळेची भांडी चिंचेने कशी उजळतात ते मी पाहिलं होतंच. चिंच चोळली, लिंबू पिळलं, तसा बारीक फेस आला. निजामाच्या वेळचा मळ निघतोय असं वाटून मला आणखीच हुरूप चढला.

बाक वाळला आणि त्याबरोबर माझं तोंडही. चकाकी पार गेलेली, आणि अंगभर खरबरीत पांढरे चट्टे.

बायकोने पाहिलं. म्हणाली, “अवो, ते काय पितळ हाय का?”

संध्याकाळी सासरे आले. बाकावरून बोट फिरवलं, बोट हुंगलं, माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडणार तोच दारातून सासूबाई म्हणाल्या, “धोंड्याचा महिना हाय. जावयाला एक शब्द बोलायचा न्हाई.”

रात्री जेवायला बसलो. मी पुरे पुरे म्हणत असताना सासरे माझ्या धोंड्यावर तूप ओतत राहिले. त्यापेक्षा शिव्या पचल्या असत्या.

सकाळी ते नदीतला गुळगुळीत गोटा, बारीक वाळू आणि पाण्याची बादली घेऊन बाकापाशी बसलेले दिसले. मीही एक गोटा उचलला.

“जावयाला कामाला लावलं म्हणतील लोक,” सासूबाई कुरकुरल्या.

“मी कुठं लावलं? काम त्यांनीच काढलंय,” सासरे म्हणाले, तेही सासूबाईंकडे बघून.

दुपारपर्यंत माझे दंड भरून आले. मान वर न करताच त्यांनी विचारलं, “खोली गळते का?”

एसटीत मी हवेशीर खोलीचं वर्णन पाठ करत आलो होतो. पण घासून घासून खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. म्हटलं, “गळते.”

“साप?”

“एक निघाला होता.”

“मग पोरीला कशाला नेता तिथं?”

“एकट्याला करमत नाही.”

त्यांनी बादलीत हात घातला. माझ्यापुढची वाळू ओली करत म्हणाले, “गोल गोल घासा. सरळ घासलं की रेघा पडतात.”

वाळू झाली, गोटा झाला, शेवटी ओल्या फडक्यावर खडूची पूड घेऊन आम्ही दोघे रोज घासत राहिलो. चकाकी हळूहळू परत आली. लिंबू पिळलेला एक कोपरा तेवढा मंद राहिला. त्यावर सासऱ्यांनी पानदान ठेवलं आणि लेकीला म्हणाले, “ट्रंक भर.”

ते आम्हाला एसटीपर्यंत सोडायला आले. अधिक महिना अजून संपला नव्हता, त्यामुळे मला बोल लावायची त्यांना बंदी कायम होती. गाडी निघाली तसे ते मला ऐकू जाईल अशा आवाजात लेकीला म्हणाले, “पोरी, माणूस वाईट न्हाई, पण डोकं न्हाई. धरणाच्या भिंतीकडं ह्यांना चिंच घेऊन फिरकू देऊ नको.”