शेवटच्या रिळातली बाई

दशरथ ओव्हाळ यांच्यावर मी लिहावं, इतका माझा त्यांच्यावर हक्क नाही. मी त्यांच्या नात्यातला नाही, त्यांच्या मशीनवर कधी उभा राहिलेलो नाही, आणि लिहिण्याची सवय म्हणाल तर परीक्षेच्या पेपरांपलीकडे नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण त्यांना जाऊन पाच आठवडे झाले आणि अजून कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत... ज्यांनी लिहायच्या ते त्यांचं नावही काढत नाहीत, आणि त्याला बऱ्याच अंशी मी कारण आहे. म्हणून हे धाडस. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

चिंचवडच्या एका कंपनीत दशरथभाऊ लेथवर होते. माझे वडील त्याच खात्यात हेल्पर. पहिली शिफ्ट सुटली की गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर चार-पाच जण थांबायचे आणि विषय बहुतेक वेळा एकच असायचा, इंग्रजी हेरपटांची ती मालिका. हेराचं नाव दरवेळी तेच, मध्ये नट तेवढा बदललेला. नवा पिक्चर दोनेक वर्षांनी यायचा. जुने मात्र पुण्याला कॅम्पातल्या एका थिएटरात सकाळच्या खेळाला आठवडाभर पुन्हा लागायचे आणि दशरथभाऊ एकही सोडायचे नाहीत. त्यांच्या विरोधात बबन, चाकणकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्यांच्या शेजारच्या मशीनवरचा. त्याला नवेच आवडायचे.

"तुमचा जुना हेर निस्ता बसून ऱ्हातो," बबन म्हणायचा. "नव्यात कसं, दर पाच मिन्टाला कायतरी उडतंय."

"उडवायला काय लागतं? बटण दाबलं की झालं," दशरथभाऊ बशीत चहा ओतत म्हणायचे. "जुन्यात तो कुलूप उघडतो ना, तेव्हा त्याचे हात बघ. घाम येतो त्याच्या हाताला. कारागिराचा हात आहे तो. आणि तो घाबरतो, बबन. तुझा नवा घाबरतच नाही. मग मी कशाला घाबरू त्याच्यासाठी?"

"तुमी घाबरायलाच पैसं भरता व्हय, राव?" यावर सगळे हसायचे. दशरथभाऊही.

माझं काम असायचं संवाद समजावण्याचं. मला सगळे 'कॉलेज' म्हणायचे, दशरथभाऊ तेवढे नावाने, अरुण म्हणून हाक मारायचे. खरं सांगायचं तर मला त्या इंग्रजीतलं निम्मंसुद्धा कळत नव्हतं. पडद्यावर भराभर बोलणं सुरू झालं की मी चेहऱ्यांवरून अंदाज बांधायचो आणि टपरीवर तोच अंदाज ठामपणे सांगायचो. वडील मागे उभे राहून ऐकायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. मुलगा इंग्रजी पिक्चर समजावतो म्हणून त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं, ते मला मोडवत नव्हतं.

मी पहिल्या वर्षाला असताना कंपनीत संप झाला. दुसरा महिना लागला होता आणि लोक एकमेकांशी जपून बोलू लागले होते. त्याच आठवड्यात कॅम्पात मालिकेतला एक अगदी जुना पिक्चर लागला. मी शुक्रवारी पाहून आलो आणि शनिवारी टपरीवर त्याची गोष्ट सांगितली. शेवटच्या रिळात सीमेवरच्या चौकीत हेर त्याच्यासोबतच्या बाईवर पिस्तूल रोखतो. ती खूप वेळ काहीतरी बोलते. मला त्यातलं एकही वाक्य कळलं नव्हतं. मी सांगून टाकलं की बाई फितूर निघते.

"असं कसं असेल?" दशरथभाऊ म्हणाले. "उद्या शेवटचा खेळ आहे. बघून येतो, मग बोलू."

त्याच संध्याकाळी सगळ्यांना युनियनचा निरोप मिळाला की कंपनी तयार माल मागच्या गेटने बाहेर काढणार आहे, सोमवारी सकाळी तिथे बसायचं. रविवारी सकाळी त्यासाठी बैठक होती. तिला दशरथभाऊ सोडून सगळे हजर होते. सोमवारी लोक पोहोचले तर मागच्या गेटवर आधीच पोलीस उभे, आणि ट्रक पुढच्या गेटने निघून गेलेले. दुपारी टपरीवर बातमी आली की रविवारी सकाळी कुणीतरी सायकलवरून साहेबाच्या बंगल्यात गेलं होतं. वॉचमनला चेहरा दिसला नव्हता.

दशरथभाऊ आले तेव्हा तिथे वीसेक माणसं असतील. कुणी बाकावर सरकून जागा दिली नाही.

"काल सकाळी कुठं व्हता?" बबनने विचारलं.

"पिक्चरला. सांगितलं होतं की."

"तिकीट?"

"बसमध्येच फेकलं, बबन. तिकीट कोण ठेवतं?"

"मग शेवट सांगा."

दशरथभाऊंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग ते सावकाश बोलू लागले. ती बाई फितूर नसते. ती त्याच्याच बाजूची असते, त्यालाच तिचा संशय आलेला असतो. ती चौकीवर मागे थांबते, म्हणून त्याला पलीकडे जाता येतं. "इंग्रजी मला येत नाही," ते म्हणाले, "पण तो पिस्तूल खाली घेतो तेव्हा त्याचा हात थरथरतो. तो उगाच नाही थरथरत."

"कॉलेजनं परवा येगळंच सांगितलं." बबन माझ्याकडे वळला. "काय रं, बाई फितूर व्हती का न्हवती?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. वडीलही. मला माहीत नव्हतं, एवढंच खरं उत्तर होतं... "फितूर होती," मी म्हणालो.

वडिलांनी मान डोलावली. दशरथभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. हातातला कप त्यांनी बाकावर ठेवला, "बरं, अरुण," म्हणाले आणि निघून गेले.

मला नंतर उमगलं ते असं. ते खोटं बोलत असते, तर त्यांना फक्त माझीच गोष्ट परत सांगायची होती. शनिवारी त्यांनी ती ऐकली होती, तेवढ्यावर सुटले असते. त्यांची गोष्ट वेगळी होती, हाच त्यांनी पिक्चर पाहिल्याचा पुरावा होता. हे वीस माणसांत कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि ज्याच्या ध्यानात यायला हवं होतं, तो आपलं कॉलेज सांभाळत उभा होता.

संप मिटला, तरी त्यांच्या शेजारी जेवायला कुणी बसेना. त्यांच्या लॉकरवर कुणीतरी खडूने 'हेर' लिहिलं. ते पुसलं की परत लिहिलेलं असायचं. तीन महिन्यांत त्यांनी कंपनी सोडली, थेरगावची खोली सोडली आणि चाकणजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

यंदा, माझ्या शेवटच्या वर्षाला, तोच पिक्चर परत लागला. दोन वर्षांत माझं इंग्रजी बरं झालं होतं. शेवटच्या रिळात ती बाई काय बोलते, ते या वेळी शब्दन् शब्द कळलं. दशरथभाऊंनी सांगितलं होतं तसंच होतं सगळं. हात थरथरतो तेसुद्धा. दिवे लागले तरी मला उठवेना. पुढे तीन आठवडे मी हे कुणाजवळ बोललो नाही. रोज टपरीपर्यंत जायचो आणि तसाच परतायचो. शेवटी एका दुपारी बबनला बाजूला घेतलं आणि सांगितलं.

त्याने एवढंच विचारलं, "तवा का न्हाई बोललास?"

"काय बोलणार होतो? मला इंग्रजी कळत नाही म्हणून?"

"व्हय," बबन म्हणाला. "तेवढंच बोलायचं व्हतं." मग चपलेने जमीन उकरत म्हणाला, "तू एकटा न्हाईस त्यात. शेवट सांगा, आसं मीच म्हनलो व्हतो. रविवारी जाऊ चाकणला. त्यास्नी हितं आणू. समद्यांम्होरं तू बोल, मी हाय संगं."

त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मी कॉलेजच्या वाचनालयात असताना शिपाई मला बोलवायला आला. बाहेर पांढरा सदरा घातलेला एक अनोळखी माणूस उभा होता. दशरथभाऊंचा मेहुणा. माझा पत्ता त्यांच्याकडे नव्हता, म्हणून ते कॉलेजात दुसऱ्यांदा चौकशीला आले होते.

"दाजी गेले," ते म्हणाले. "बारा दिवस झाले. कावीळ झाली होती. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही झाला परवा." मग ते म्हणाले, "कंपनीतल्या कुणाला कळवायचं नाही, असं त्यांनी ताईला सांगून ठेवलं होतं. तुम्हाला तेवढं कळवा म्हणाले. का, ते काही बोलले नाहीत."