भरतीला आजी आड आली नव्हती

‘‘बूट कोणी पुसले?’’

कर्नल साहेबांनी विचारलं. ते डॉक्टर. लष्करी इस्पितळातल्या त्या खोलीत टेबलापलीकडे तिघं बसलेले, मधले ते. अलीकडे मी, सावधानमध्ये उभा.

‘‘मीच, साहेब.’’

‘‘इस्त्री?’’

‘‘बायकोनं.’’

‘‘दाढी रोज करतोस?’’

‘‘रोज, साहेब.’’

ते शेजारच्या साहेबांकडे वळले. ‘‘बघा. हा म्हणे कुठल्याच कामाला लायक नाही. वेडा माणूस बूट असे चमकवतो का?’’

तिघंही हसले. मीही हसलो. साहेब हसले की शिपायानं हसायचं, ही हाडात मुरलेली सवय. त्या हसण्याची मला आजही शिसारी येते.

सैन्यात साहेबासमोर जायचं तर बुटात तोंड दिसलं पाहिजे. डोकं ठिकाणावर नसलं तरी हात ते काम करतात. आजारी पडून इस्पितळात होतो आणि मला माझं नाव आठवत नव्हतं, तेव्हाही मी पलंगाखालचे बूट एका रेषेत लावायचो. साहेबांना हे माहीत नसेल? मला संशय आहे, चांगलंच माहीत होतं.

संशय हाच माझा आजार. सैन्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी तसंच लिहून दिलं होतं. पूर्वेकडच्या डोंगरात गस्तीवर असताना माझ्या मागून चालणाऱ्या जोडीदाराला गोळी लागली. तो पडला ते मला कळलंच नाही. मी पुढे चालत राहिलो, त्याच्याशी बोलत. तेव्हापासून माझ्या पाठीमागे कोणी उभं राहिलं की माझं डोकं फिरतं. मुलुंडच्या एका कंपनीत वॉचमन म्हणून लागलो. सुपरवायझरनं मागून येऊन खांद्यावर हात ठेवला आणि मी त्याला खाली पाडून त्याचा गळा धरला. नोकरी गेली. मग भांडुपचं एक गोदाम. तिथे माझ्या डब्यात कोणीतरी काहीतरी कालवतंय असं वाटायचं. जेवणच सोडलं. एक दिवस चक्कर येऊन पडलो. तीही गेली.

वडिलांची गिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही. नाहूरच्या आमच्या खोलीत कमावणारी एकटी सुलभा, माझी बायको. औषधांच्या कंपनीत बाटल्यांना झाकणं लावून लावून तिची बोटं सोललेली. दोन-दोन पाळ्या करायची. मला अपंगत्वाची पेन्शन मिळाली तर तिची एक पाळी तरी सुटणार होती. म्हणून मी त्या टेबलासमोर उभा होतो.

हसून झाल्यावर कर्नल साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला.

‘‘बस रे. खुर्ची भिंतीला लावून घे, हवं तर. चहा घेणार?’’

चहा आला. साहेबांसमोर खुर्चीत बसून चहा मी जन्मात प्यालो नव्हतो. भिंतीला पाठ लागली तसा जीव जरा सैल झाला. मग त्यांनी गाव विचारलं. मी सांगितलं, कणकवलीकडचं.

‘‘घरात आधी कोणाला असं काही? आजोबा? आजी?’’

मी नळाचं पाणी वास घेतल्याशिवाय पीत नाही. सुलभा पाळीवरून उशिरा आली तर तिलाही हजार प्रश्न विचारतो. आणि त्या दिवशी, नेमका त्याच दिवशी, मला संशय आला नाही.

‘‘आजार कोणाला नाही, साहेब. पण आजीच्या अंगात यायचं. देवीचं वारं.’’

मी ते अभिमानानं सांगितलं. आमची वस्ती गावाबाहेर. आमची सावली चुकवणारा खोत जत्रेच्या दिवशी नारळ घेऊन यायचा. लांब उभा राहून आजीला विचारायचा, मुलीचं लग्न कधी जमेल, हरवलेली म्हैस कुठे असेल. आजी केस मोकळे सोडून घुमायची आणि त्याला एकेरीत उत्तर द्यायची. वर्षभरात तेवढ्याच दिवशी आमच्यातलं कोणी खोताला ‘अरे’ म्हणू शकायचं. वारं उतरलं की ती केस बांधायची, चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायची. तिला वेडी कोणी म्हटलं नाही. खोतानंही नाही.

साहेबांनी मान डोलावली. लिहून घेतलं. ‘‘तुमच्या लोकांत हे फार असतं,’’ म्हणाले. लिहिणाऱ्या हाताच्या बोटात गुरूचा पिवळा खडा होता.

काही आठवड्यांनी निकाल घरी आला. आजार घराण्यातूनच आलेला आहे, सैन्याशी त्याचा संबंध नाही, पेन्शन नामंजूर. सुलभानं वाचून दाखवलं. मी तिला पुन्हा वाचायला लावलं. एका कप चहावर त्यांनी माझी आजी माझ्याकडून काढून घेतली होती आणि मलाच फेकून मारली होती. संतापानं मला जेवण गेलं नाही.

घाटकोपरला कदम हवालदार राहतात. निवृत्त झाल्यावर आमच्यासारख्यांची अपिलं लिहून देतात. आमच्याच गावाकडचे. मी आणि सुलभा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं.

‘‘ह्या खेपेक दाढी करू नको. मळको सदरो घाल. इचारल्यार नुसतो बघीत रव. आणि आजयेचा नाव काढू नको.’’

‘‘म्हणजे वेड्याचं सोंग करू?’’

‘‘अरे, तुका पेन्शन व्हयी काय आजी?’’

सुलभा बोटं पदराखाली घेऊन बसली होती. मला वाटलं, या दोघांनी आधीच ठरवलंय, मला फसवून वेड्यांच्या इस्पितळात टाकणार. तो आजार होता. मी गप्प बसून तो जाऊ दिला. तो गेला तेव्हा भरतीचं मैदान आठवलं.

आम्हाला उघडं उभं केलं होतं. छाती मोजली, दात बघितले, तळपाय बघितले. तिथल्या डॉक्टरनंही हाच प्रश्न विचारला होता, घरात कोणाला वेड? मी तेव्हाही आजीचं सांगितलं होतं. तो डॉक्टर हसून म्हणाला होता, ‘‘मग लढाईत देवी तुझ्या बाजूनं,’’ आणि पाठीवर थाप मारून मला पुढे पाठवलं. पास.

मी हे सांगितलं तेव्हा कदमांचा पेन थांबला.

‘‘ह्यां तू आधी कित्याक नाय सांगलंस?’’

सांगितलं नाही, कारण मला कोणी विचारलं नव्हतं. आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. साहेबांनी रक्तात खोट आहे म्हटलं, मी खाली मान घालून रक्ताकडे बघत बसलो.

अपिलाच्या सुनावणीच्या दिवशी मी दाढी केली. बूट घासायला बसलो. सुलभानं विचारलं, ‘‘अहो, सोंग नाही करायचं?’’

‘‘नाही.’’

तिनं माझ्याकडे बघितलं. मग इस्त्रीत कोळसे भरले.

तीच खोली, तेच टेबल. मधल्या खुर्चीत तेच कर्नल साहेब. स्वतःच्याच निकालावरचं अपील ऐकायला तेच बसलेले. हाही माझा संशय म्हणायचा का?

‘‘परत चमकवून आलास? आणि तुझी ती आजी काय म्हणते?’’

‘‘आजी भरतीच्या वेळीही होती, साहेब. तिच्याबद्दल सांगितलं तरी तुमच्या डॉक्टरनं मला घेतलं. रक्त खराब होतं तर तेव्हाच परत पाठवायचं. तुम्ही धडधाकट माणूस नेलात. मी मोडलो तो तुमच्याकडे.’’

कोणी हसलं नाही. मीही हसलो नाही. साहेबांचा आवाज पुन्हा मऊ झाला. ‘‘बस, चहा घे.’’

‘‘नको, साहेब.’’

निकाल अजून आलेला नाही. नाहीच म्हणतील असं मला वाटतं, आणि हे काही आजारातलं वाटणं नाही. सुलभा अजून दोन पाळ्या करते. ते नाही म्हणाले तर त्यांच्या वर जाईन, त्याच्याही वर जाईन. दाढी करून, बूट घासून. माझं डोकं बिघडलंय हे दर वेळी साफ सांगेन, सोंग करून दाखवणार नाही. आणि प्रत्येक टेबलावर पहिली मागणी तीच करीन. माझ्या आजीला वेडी लिहिलंय, ते आधी खोडा. मग माझ्याबद्दल बोला.