तिसऱ्यांदा विचारल्यावर

'नको' हा शब्द माझ्या रूममेटइतक्या गोडीने, इतक्या वेळा आणि इतक्या उपाशीपोटी उच्चारणारा माणूस त्रिभुवनात दुसरा झाला नसेल. तो ठाण्याचा, कोपरीचा, मी डोंबिवलीचा. एक्याण्णव साली अमेरिकेतल्या एका आडगावच्या बिझनेस स्कूलने आम्हा दोघांना एकदमच बोलावलं, आणि ओळखीच्यांच्या ओळखीतून आम्ही निघण्याआधीच एकमेकांना गाठलं. मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने कांदेपोह्यांची बशी पुढे करून "घ्या" म्हटलं, आणि मी घेतली. आता पोहे समोर आल्यावर माणूस दुसरं काय करणार? पण त्या माउलीचा हात तसाच हवेत राहिला. मी गेल्यावर ती याला म्हणाली म्हणे, "मुलगा चांगला आहे रे, पण डोंबिवलीला जेवायला देत नाहीत का?"

त्या घराचा कायदाच निराळा होता. एकदा विचारतात ते रीत म्हणून, दुसऱ्यांदा विचारतात ते लाजेखातर, आणि तिसऱ्यांदा विचारतात तेच मनापासून, असं आईने त्याला लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे पहिल्या दोन वेळा 'नको' म्हणणं हे त्याच्या रक्तातच भिनलं होतं. तो आमच्याकडे आला त्या दिवशी माझ्या आईची दुपारची शाळा होती. तिने थालीपीठ आणि लोण्याचा गोळा त्याच्यापुढे ठेवला, दोनदा "घे रे" म्हणाली आणि पर्स उचलून शाळेत शिकवायला निघून गेली. हा गृहस्थ तासभर त्या लोण्याकडे बघत बसला. मला वाटलं, पोट भरलंय बिचाऱ्याचं. मी माझं संपवलं आणि मग त्याचंही संपवलं.

असा हा माणूस अमेरिकेत पोचला, आणि तिथे तर सगळे एकदाच विचारणारे! पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी नव्या विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलावलं. घरच्या बाईंनी चीज घातलेला कसलासा गरमागरम पदार्थ याच्यासमोर धरला. हा छातीवर हात ठेवून म्हणाला, "नो, नो, प्लीज." बाई हसल्या आणि भांडं घेऊन पुढच्या माणसाकडे गेल्या. परतताना तो रस्ताभर धुमसत होता. "भांडं उचललंन रे! काय माणसं आहेत का कोण आहेत!" खोलीवर आल्यावर आईने दिलेला चिवड्याचा डबा त्याने अर्धा केला. दुसऱ्या दिवशी तांदळाची जड पिशवी घेऊन दुकानातून येत असताना शेजारच्या म्हातारीने गाडी थांबवून "सोडू का?" विचारलं. हा म्हणाला, "नको, मला चालायला आवडतं." म्हातारी गेली आणि हा तीन मैल ती पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत आला. इथवर मी पोट धरून हसत होतो. हसणं थांबलं ते दुसऱ्या आठवड्यात.

त्या कॉलेजात अभ्यास एकट्याने करायचाच नसे. पाच-पाच जणांचे गट करायचे आणि दर आठवड्याला एखाद्या कंपनीची 'केस', म्हणजे तिच्या अडचणीची कैफियत, वाचून गटाने अहवाल द्यायचा. गट आपले आपण, जेवणाच्या सुट्टीत ठरवायचे होते. मला एका घोळक्याने विचारलं, मी डोंबिवलीकराच्या चपळाईने हो म्हणालो, आणि आमचे पाच भरले. सुट्टी संपताना हा माझ्याकडे आला तो चेहरा नुसता फुललेला. "चार जणांनी विचारलं रे! चार! मागणी आहे आपल्याला."

"मग? कुठल्यात गेलास?"

"छे रे, चौघांनाही नको म्हटलं. येतील की परत विचारायला."

मी ओरडलो, "अरे येड्या, इकडे परत कोण येतंय?" तोवर फळ्यावर सगळ्या गटांची नावं लागलीही होती. वर्गात एकच माणूस सुटा उरला होता आणि तो माझ्याकडे बघून हात हलवत होता.

मग सुरू झाले ते दिवस मला आजही नकोसे वाटतात. माझ्या गटात सहावा घ्यायची परवानगी नव्हती. मी विचारून पाहिलं. पाच जणांचा अहवाल हा एकट्याने लिहू लागला. डोळे खोल गेले, दाढी वाढली, जेवण सुटलं. मी भात पुढे केला की म्हणे "नको", आणि मी तिसऱ्यांदा ओरडलो की मग दोन घास खाई. इतकं करूनही एका सोमवारी त्याच्या टपालाच्या खणात ऑफिसची चिठ्ठी आली. शुक्रवारपर्यंत गट मिळाला नाही तर विषय सोडावा लागेल. विषय सोडला की अभ्यासक्रम अपुरा, अभ्यासक्रम अपुरा की शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे सरळ परतीचं विमान. वागळे इस्टेटमधली पक्की नोकरी सोडून आलेला माणूस हा. निघताना सोसायटीने सत्यनारायण घातलेला, गळ्यात हार घालून गच्चीवर सगळ्यांबरोबर फोटो काढलेला. तो चिठ्ठीची घडी करत म्हणाला, "महिन्याच्या आत परत गेलो तर आई खाली भाजी आणायला कशी उतरेल रे?"

मंगळवार, बुधवार, गुरुवार त्याने दारोदार फिरून विचारलं. पण आता सगळ्या गटांची घडी बसली होती. गुरुवारी संध्याकाळी निरोप आला की शुक्रवारी दहा वाजता डीनना भेटा. एका गटातला मुलगा कॉलेज सोडून गेल्याची कुणकुण मला लागली होती. म्हणजे एक जागा होती! मी शुक्रवारी सकाळी त्याला समोर बसवलं. "हे बघ, मी डीन. 'या गटात जाणार का?' बोल, येस."

"येस."

"शाब्बास. परत. 'या गटात जाणार का?'"

"नो सर... अरे, तोंडातून आपोआप येतं रे!"

वीस वेळा घोकून घेतलं. त्यातले आठ 'नो' निघाले. मुंजीतल्या बटूला इतकी संथा दिली नसेल कोणी. पावणेदहाला तो म्हणाला, "तू चल बरोबर." मी गेलो.

डीन साठीचे, उंच, कमी बोलणारे. त्यांनी मला बघून भुवई उंचावली, पण बसू दिलं. समोर एक फॉर्म होता. तो विषय सोडण्याचाच, हे मला उलटंसुद्धा वाचता आलं. ते म्हणाले, "एका गटात जागा झाली आहे. तुम्हाला जायला आवडेल का?"

मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याने छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "नो सर, माझ्यासाठी उगाच त्रास नको."

संपलं! डीननी मान हलवली, पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्म पुढे ओढला. मला काय झालं कोण जाणे, मी ताडकन उठलो. "सर, त्याला परत विचारा."

"त्यांनी उत्तर दिलं आहे."

"नाही दिलं सर. आमच्याकडे पहिल्या दोन वेळचं उत्तर धरत नाहीत." कान तापले होते माझे. कॉलेजात येऊन तीन आठवडे झालेला मी पोरगा डीनना शिकवत होतो! ते माझ्याकडे बघत राहिले, मग याच्याकडे वळले आणि तोच प्रश्न शब्दन् शब्द पुन्हा विचारला. हा म्हणाला, "मी कसंतरी निभावेन, सर." मला त्याचा गळाच धरावासा वाटला. डीननी पेन खाली ठेवलं. ते टेबलाला वळसा घालून आले, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "मुला, तुला इथे राहायचं आहे का?"

त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "येस सर," तो म्हणाला. "खूप."

तो राहिला, आणि माझ्यापेक्षा चांगल्या मार्कांनी पासही झाला. त्याच्या गटातली पोरं दोन वर्षांत एकमेकांना तीन-तीनदा कॉफी विचारायला शिकली. मला त्याच गावाजवळ नोकरी लागली. त्याने मात्र परतीचं तिकीट काढलं. विमानतळावर त्याला सोडताना मी म्हटलं, "आमच्या कंपनीत अजून एक जागा आहे. साहेबांशी बोललोय मी. थांबतोस का?"

तो म्हणाला, "नको रे, उगाच तुला त्रास. आई पण एकटी आहे."

"बरं," मी म्हटलं, आणि घड्याळ बघितलं. गाडी लावलेल्या जागेची वेळ संपत आली होती. तो लगेच आत गेला नाही. काचेच्या दारापाशी उभा राहून खांद्यावरच्या बॅगेचा पट्टा काढत राहिला, घालत राहिला. मला वाटलं, पट्टा सैल झाला असेल. मी हात केला आणि निघालो. अर्ध्या रस्त्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं की पट्ट्याला काही झालं नव्हतं. पुढच्या वळणावरून गाडी फिरवली, पण मी पोचलो तेव्हा त्या दारापाशी कोणी नव्हतं.