नंबर नसलेला ताड

अन्याय झाला तो कोपरच्या खाडीकाठच्या, ताडी काढणाऱ्या एका म्हाताऱ्या भंडाऱ्यावर, गेल्या माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, तो ताडावर चढलेला असताना. खाली अबकारीचे तीन शिपाई येऊन उभे राहिले. त्यांनी त्याला उतरू दिलं, कमरेचा कोयता काढून घेतला, भट्टीवरचं तांब्याचं भांडं उचललं आणि गाळायचा परवाना जप्त केला. त्यांच्या जमादाराच्या हातात एक छापील पत्रक होतं. ते मी लिहिलेलं.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे वाचताना तुम्ही सरकारला शिव्या द्याल, सरकारकडून दारूविक्रीचा मक्ता घेतलेल्या मक्तेदाराला द्याल, आणि मी त्या गर्दीत तुमच्याबरोबर शिव्या देत उभा राहीन. तसं नको.

मी ठाण्याचा, टेंभी नाक्याजवळचा. शाळा सुटल्यापासून दारूविरुद्ध पत्रकं लिहितो, छापवून घेतो आणि वाटतो. आमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, की मोघम लिहू नये. गाव सांगावं, जागा सांगावी, वाटेची खूणही सांगावी, म्हणजे वाचणाऱ्याला तोंड फिरवता येत नाही. मी ती चांगलीच शिकलो.

मार्गशीर्षात मी कोपरला गेलो तो भट्टी डोळ्यांनी पाहून तिच्यावर लिहावं म्हणून. पूर्वी तिथे घरोघर गाळत. नव्या कायद्याने घरच्या भट्ट्या मोडल्या, ताडांवर नंबर कोरले, नंबरागणिक पट्टी बसवली, आणि गावात एकच परवाना ठेवला. तो ह्या म्हाताऱ्याच्या नावावर. दहाबारा घरांची ताडी त्याच्याच भट्टीवर यायची. कोणाची कधी गाळायची, कोणाची आंबली नाही म्हणून परत पाठवायची, हे तोच ठरवी, आणि त्याच्या शब्दावर कोणी तोंड उघडत नसे.

मी दारात उभा राहून कशासाठी आलो ते सरळ सांगितलं. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुमी दारू बंद कराला आलाव नं, भाऊ? मंग बसा. उभ्यानं कशी बंद व्हल?"

आतून त्याची सून हसली. मला ताक मिळालं. मी बसलो.

खोटं कशाला बोलू, त्याचं काम पाहत राहावंसं वाटलं. भांड्याच्या तोंडाला ओली माती लिंपलेली, तिच्यातून बांबूची नळी पाण्यात बुडवलेल्या मडक्यात गेलेली. तो भांड्याला कान लावून बसे. आतला आवाज बदलला की जाळ ओढून घेई. पळीभर धार विस्तवावर टाकी आणि ज्योत पाही. निळी उठली तर मान हलवी, पिवळी उठली तर सगळं पुन्हा भांड्यात ओतायला लावी, आणि ज्याची ताडी असेल त्याला म्हणे, अरे, पाणी पाजायचं तर बैलाला पाज, मानसाला कशाला. मी वहीत लिहीत होतो, की हे विष आहे. आणि हेही लिहीत होतो, की हे विष तो फार नीट करतो. दोन्ही एकाच पानावर आहेत. वही माझ्याजवळ आहे.

जाताना त्याने मला खाडीच्या वळणावरचा एक ताड दाखवला. बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड. खोडावर नंबर नव्हता. मी विचारलं, हा कसा सुटला? त्याने नंबर कोरायला आलेल्या कारकुनाची गोष्ट सांगितली. नोंदीत ताडाच्या मालकाचं नाव लागे, आणि हा ताड देवाचा, म्हाताऱ्याच्या आज्याच्याही आधीपासून. कारकुनाने लेखणी उचलून विचारलं, देवाच्या बापाचं नाव काय, राहणार कुठला? सगळे हसले, कारकूनही हसला आणि तो ताड सोडून पुढे गेला.

त्या ताडाची ताडी वर्षातून एकदा, माघी पौर्णिमेला, वेगळी गाळतात. पहिली धार दगडावर, उरलेली मागेल त्याला. बाळंतिणीला, लचकलेल्या पायाला, पोराची छाती भरली तर चोळायला. तिला मोल घ्यायचं नाही आणि मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. आणि तिसरी गोष्ट म्हाताऱ्याने आवाज खाली आणून सांगितली, की कोणी नेली ते देणाऱ्याने कधीही कोणाला सांगायचं नाही. सांगितलं तर औषधाचा गुण जातो.

मी घरी येऊन लिहिलं. काय लिहिलं? की ह्या देशात देवालासुद्धा दारूचा नैवेद्य आहे. आणि जसं शिकवलं होतं तसं, कोपरचं नाव, खाडीचं वळण, शेंदराचा दगड, पौर्णिमेचा दिवस, आणि 'ज्या ताडावर सरकारी नंबरही नाही' असं एक फर्डं वाक्य. औषधाचं एक अक्षर लिहिलं नाही. त्याने जोर कमी झाला असता.

पत्रकं हातोहात गेली. मी खूश होतो. पुढे कळलं की मोठा गठ्ठा मक्तेदाराच्या माणसाने उचलला आणि अबकारीच्या कचेरीत पोचवला होता.

जप्तीची बातमी आली तेव्हा आमच्या मंडळींनी माझी पाठ थोपटली. एक भट्टी विझली, तुझ्या लेखणीने विझवली. मी चार दिवसांनी कोपरला गेलो. थंड पडलेल्या भट्टीपासून हाकेच्या अंतरावर मक्तेदाराचा गुत्ता उघडलेला. ज्यांची ताडी म्हाताऱ्याकडे यायची त्यांतले दोघे तिथेच बसून सरकारी भट्टीची पीत होते. ती विस्तवावर टाकून कोणी पाहत नाही. म्हणजे दारू तेवढीच राहिली, किंवा वाढली. गेला तो फक्त म्हातारा. मग माझ्या लेखणीने विझवलं काय?

त्याने मला बसायला सांगितलं. सुनेने ताक आणलं नाही. मी म्हटलं, बाबा, माझ्यामुळे झालं. तो म्हणाला, तुमाला लिवता येतं, तुमी लिवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

सुनावणी कल्याणला मामलेदारांपुढे झाली. मी मागे उभा होतो. मामलेदार वाईट माणूस नव्हता. त्याने समजावून सांगितलं, की बिननंबरी ताडाची ताडी काढल्याचा दंड होईल, पण परवाना जाणार नाही, जर ती दारू विकली नाही हे सिद्ध झालं तर. विकली असेल तर परवाना कायमचा गेला, आणि त्याच्याबरोबर दहाबारा घरांचं गाळणं. मग तो म्हाताऱ्याला म्हणाला, "फुकट देत होतास ना? मग नेणाऱ्यांची चार नावं सांग. मी त्यांना बोलावतो, तुझं काम झालं."

म्हाताऱ्याला नावं ठाऊक होती. बाहेर ओट्यावर बसलेल्या त्याच्या लोकांना ठाऊक होतं की त्याला ठाऊक आहेत. लिहून घेणारा कारकून कागदावरची मान वर करीना. माझी खात्री आहे की त्याच्याही घरी कधीतरी ती बाटली गेली असणार.

"नावं देवाजवळ हायेत, साहेब," म्हातारा म्हणाला. "मना इचारू नका."

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईपुढे चिडचिड केली. कसला हा हट्ट, चार नावांसाठी घरं बुडवायला निघालाय. आई भाजी चिरत होती. म्हणाली, तू चार वर्षांचा असताना डोंबिवलीला, माझ्या माहेरी, तुझी छाती भरली होती. वैद्याने हात टेकले. तेव्हा तुझ्या छातीला काय चोळलं असं वाटतं तुला? कापूर?

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"तुझे आजोबा कोपरहून ती बाटली घेऊन आले. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, देणाऱ्यानेही नाही. आज मी सांगतेय, कारण नेणाऱ्याने बोलू नये असं कोणी म्हटलेलं नाही."

आजोबा आता नाहीत. आई कचेरीत जाऊन उभी राहणार नाही. मी गेलो आणि माझ्या छातीचं सांगितलं. मामलेदाराने माझं पत्रक समोर ठेवलं. पौषात तुम्ही हिला दारू म्हणता, माघात औषध म्हणता, आणि हे तुम्हाला चौथ्या वर्षापासून आठवतं? तो म्हणाला, दुसरे चार आणा, ज्यांनी स्वतःच्या हाताने नेली आहे असे.

आमची मंडळी माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, तू भट्टीचा वकील झालास. दारू वाईट, हे मी अजून म्हणतो. गुत्त्याबाहेर पडलेली माणसं पाहिली की आणखी जोराने म्हणतो. ती भट्टी पुन्हा पेटली तर तिची धारही कोणाचं तरी घर बुडवील. हे सगळं एका रेषेत कसं बसवायचं ते मला समजत नाही, आणि समजल्याचा आव आणून पुन्हा एक फर्डं वाक्य लिहायचं नाही.

पण एवढं मला नक्की ठाऊक आहे, की नावं सांगायची मनाई देणाऱ्याला आहे. तुम्हाला नाही. ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत, टिटवाळ्यापर्यंत अशी घरं आहेत जिथे ती बाटली फडताळात मागे ठेवलेली असते. तुम्ही हे वाचत आहात म्हणजे तुमचं घर त्यांत नसेलच असं नाही.

पुढची सुनावणी होळीच्या आदल्या सोमवारी, कल्याणच्या मामलेदार कचेरीत. या. आपलं नाव सांगा, कोणाच्या कोणत्या दुखण्याला नेली ते सांगा, आणि तिचं मोल दिलं नाही ते सांगा. चार जण पुरेत. मी सकाळपासून दारात उभा असेन. माझ्याशी बोलू नका, हवं तर तोंडही पाहू नका. पण आत जा.