चालीवरनं वळखलेली मेंढी

नात बारामतीला कॉलेजात शिकती. सुट्टीला निरवांगीला आली, तवा तिला बारक्या आकाशगंगांवर वर्गात बोलायचं हुतं. मी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. ती म्हनली, "आज्जे, आधी तुला सांगून बगते. तुला कळलं तर समद्यांला कळंल."

"सांग की. मी काय मास्तर न्हाय नापास करायला."

ती सांगाय लागली. आपली आकाशगंगा लई मोठी. तिच्या भवती बारक्या बारक्या आकाशगंगा फिरत्यात. मोठीच्या ओढीनं त्यांच्या चांदण्या निसटत्यात, मोठीत मिसळत्यात. असं करत करत बारकी संपून बी जाती.

माझा हात थांबला. म्हनलं, "बाई, ह्ये तर माझंच झालं हुतं."

मालक गेलं तवा माझ्याजवळ वीस-बावीस मेंढरं हुती. एकट्या बाईला कोकणात चारायला न्हेता येत न्हाय, म्हनून थोरल्या दिरांच्या मोठ्या कळपामागनं चालायची. मुक्कामाला त्यांच्याच कडंला चूल मांडायची. पोट भरायचं, पर माझी मेंढरं त्यांच्या कळपात शिरायची. त्यात मीच चूक केली. खुणंचा रंग माझ्याजवळ न्हवता, तर दिरांच्याच डब्यातला लाल घेऊन माझ्या मेंढरांच्या पाठीला लावला. उन्हाळा सरताना गावाकडं आलो, येगळं व्हायचं ठरलं, आन समद्यांच्या पाठी एकसारख्या लाल.

दीर म्हनले, "कोकरं सोडा."

कोकरं जाळीत कोंडलेली असत्यात. सोडली की जे ते आपल्या आईला जाऊन लुचतं. माझ्या कोकरांनी माझ्या मेंढ्या दावल्या. पर एकीचं कोकरू घाटात मेलेलं. तिला कोण दावणार? मी तिचा कान धरला. म्हनलं, ही माझी. चालताना मागचा डावा पाय बाहीर टाकती.

थोरली जाऊ म्हनली, "चालीवरनं वळखती म्हनं. उद्या शेपटीवरनं माझी समदी न्हेशील."

दिरांनी दिली. त्या मेंढीला बी पुढं कोकरं झाली, माझा कळप वाढला, पोरं त्यावर मोठी झाली. मनात मातर रुतून बसलं. तसा पाय टाकणारी त्यांची बी एखादी असंल तर? मी दुसऱ्याची तर आणली न्हाय?

नात हसली न्हाय. म्हनली, "आज्जे, शास्त्रज्ञ बी तसंच करत्यात. मोठीत मिसळलेली चांदणी कुठल्या बारकीतली, ते तिच्या चालीवरनं वळखत्यात."

मी तिला थोरल्या जावंला फोन लावाय सांगितला. जाऊ आता शेळगावला लेकीकडं असती, ऐकू कमी येतं. मी मोठ्यानं इचारलं, "आक्का, ती पाय बाहीर टाकणारी मेंढी कुणाची हुती?"

ती म्हनली, "तुजीच की. आमच्यात तसली चाल एकीची बी न्हवती."

"मग तुमी तवा तसं का बोलला?"

"तू येगळी निघालीस. चुलीपाशी मला बोलाय कोण ऱ्हाणार हुतं?"

ह्ये ऐकाय मला म्हातारपण यावं लागलं. रागवाय काय उरलं न्हवतं. तिची गुडघेदुखी इचारली, फोन ठिवला. दुपारी भाकरी खाऊन निवांत पडले, ती दिवंलागणीलाच उठले.