शेवटचे वाक्य मी गाळले होते

महाडच्या मोतीबिंदू शिबिरासाठी गावोगावी मोबाइलवर संदेश पाठवणारा प्रोग्राम मी लिहिला होता. मजकूर टाइप करायला डोंगरावरच्या कुडपण गावची एक मुलगी होती. तिने लिहिले, ‘शिबिर सोमवारी महाडला आहे. जीप फाट्यावर सकाळी सातला येईल.’ लोकांना पहिले वाक्यच मिळाले. कुडपणची म्हातारी माणसे नऊ वाजता डोंगर उतरून फाट्यावर आली, तेव्हा जीप कधीच गेली होती. त्यांत तिची आईही होती.

“अर्धंच टाइप केलंस,” म्हणून शिबिरवाल्यांनी तिला कामावरून काढून टाकले. “मी पूर्ण लिहिलं होतं,” एवढेच ती म्हणत राहिली.

तीन दिवसांनी मला चूक सापडली. प्रोग्रामची भाषा दोन्हीकडे तीच, पण ती चालवणारी यंत्रणा वेगळी. माझ्या घरच्या संगणकावर मजकुराची लांबी अक्षरांत मोजली जाई, शिबिराच्या संगणकावर बाइटमध्ये, म्हणजे साठवणीच्या मापात. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेलाही, तीन बाइट लागतात. एका संदेशाची मर्यादा सत्तरची. घरी सहज मावलेला मजकूर तिथे मावेना. अर्धवट वाक्य जाऊ नये म्हणून न मावणारे वाक्य सबंध गाळायची हुशारीही माझीच. त्यामुळे यंत्राचा संशय कुणाला आला नाही. मी एक ओळ दुरुस्त केली आणि गप्प बसलो. वर्षे गेली. आता बाकी सगळ्याचा कंटाळा आला आहे, हे मात्र सुटत नाही.

ती पाचाडला खानावळ चालवते असे कळले, म्हणून गेलो.

“सर, किती वाळलात! भाकरी टाकू?”

मी सगळे सांगितले. तिचे थापणे थांबले नाही.

“मी लिहिलेलं मला ठाऊकच होतं की. मला कशाला सांगताय?” पिठाच्या हाताने तिने फोन लावला. “आये, ते कंप्युटरवाले सर हायत. ऐक त्यांचं.”

मी म्हणालो, “तुमच्या मुलीनं पूर्ण लिहिलं होतं. चूक माझी होती.”

पलीकडून आई म्हणाली, “मी तिला समद्या वाडीसमोर बोलले व्हते. तवाच का नाय सांगितलंत?”

“घाबरलो.”

“थांबा. हितं चार बाया बसल्यात, आवाज वाढवते. आता सांगा परत.”

मी पहिल्यापासून सांगायला लागलो.